दिवाळीचा ड्रेस : लेकीला विचारलंत का?

दिवाळीच्या तोंडावर उसाचा हप्ता बँकेत जमा झाला, की सभासदाच्या घरी खर्चाची यादी आधीच तयार असते. सोसायटीचे, खताच्या दुकानाचे, ट्रॅक्टरवाल्याचे देऊन जे हाती उरेल त्यात घरच्यांचे कपडे बसवायचे. धाकट्या पोराचे सोपे असते. तो मिळेल तो शर्ट अंगात घालतो आणि फटाक्यांकडे पळतो. घरातल्या बायकांचे साडीचे दुकान ठरलेले असते. अडते ते पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीपाशी. लागणीला को ८६०३२ घ्यावा की फुले २६५, यावर आपण बांधावर तास तास घालवतो, चार जणांना विचारतो. मुलीचा ड्रेस मात्र दहा मिनिटांत उचलून आणतो, आणि तोही तिला न विचारता. आम्ही हेच केले होते, म्हणून लिहितो.

गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी खताच्या कामाला गेलो असताना एका मोठ्या दुकानातून मोतिया रंगाचा, सोनेरी काठाचा ड्रेस आणला. किंमत साडेतीन हजार. लेक "छान आहे, आबा," म्हणाली. पाडव्याला ओवाळण्यापुरता अर्धा तास अंगात घातला आणि घडी करून जो ट्रंकेत ठेवला, तो पुन्हा बाहेर निघाला नाही. आम्हाला राग आला. बोलू नये ते बोललो. आमच्या आईने "आमच्या वक्ताला वर्षाला एक परकर-पोलकं मिळायचं" म्हणून त्यात भर घातली. पोर त्या रात्री जेवली नाही.

यंदा दसऱ्यानंतर विषय काढला तर म्हणाली, "मला ड्रेस नको, आबा. पैसे बियाण्याला ठेवा." सोळा वर्षांची मुलगी दिवाळीला कपडा नको म्हणते, हे काही बरे लक्षण नव्हे. डोंबिवलीला दिलेल्या आमच्या धाकट्या बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "दादा, तिला घेऊन इकडं ये. दोन दिवस राहा. आणि दुकानात तू मागं उभा राहायचं, पुढं नाही."

डोंबिवलीत दिवाळीच्या कपड्याला एक वेगळेच महत्त्व आहे. स्टेशनच्या पूर्वेला फडके रोड आहे आणि त्याच्या टोकाला गणेश मंदिर. दिवाळीच्या पहिल्या दिवशी, म्हणजे नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नान आटोपून तरुण पोरेपोरी नवे कपडे घालून भल्या सकाळी तिथे जमतात. गणपतीचे दर्शन, मित्रमैत्रिणींच्या भेटी, फोटो; रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. कित्येक वर्षांचा हा रिवाज आहे. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रासुद्धा याच गावात १९९९ साली गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि पुढे गावोगाव पसरली. आमच्या भाचीच्या या गोष्टी ऐकून आमच्या लेकीला यंदाच्या दिवाळीला तिथे जायचे होते. हे आम्हाला ठाऊकच नव्हते. विचारले असते तर कळले असते.

पहिल्या दिवशी ठाण्याला गेलो. राम मारुती रोड आणि गोखले रोड या बाजूला तयार कपड्यांची दुकाने एकाला एक लागून आहेत. इथे ड्रेस घालून बघायला आडोशाची खोली असते, हा मोठा फायदा. एकाचा 'एम' दुसऱ्याच्या 'एल'एवढा भरतो. आकड्यावर विसंबून घेतलेला ड्रेस खांद्यात उतरतो नाहीतर काखेत धरतो. बहिणीने पोरीला ड्रेस घालून नुसते आरशापुढे उभे राहू दिले नाही. हात वर करायला लावले, खाली बसायला लावले, दोन पायऱ्या चढायला लावल्या. उभ्याने झकास दिसणारा एक कुर्ता बसल्यावर पोटावर असा काही ताणला, की लेक स्वतःच हसत सुटली.

आम्ही मागे उभे राहायचे कबूल केले होते खरे; पण जीभ राहीना. "हा बघ, हा किती सोज्वळ," असे म्हणत आम्ही एकामागून एक पांढरट, पिस्ता, फिके गुलाबी ड्रेस पुढे करत होतो. पोर मान खाली घालून "नको" म्हणत होती. चौथ्यांदा नको म्हणाली तेव्हा आमचा आवाज चढला. दुकानदार बघायला लागला.

बहिणीने आम्हाला बाहेर काढले आणि चालत मसुंदा तलावाच्या कठड्यापाशी नेले. मुली दुकानातच होत्या. ती म्हणाली, "दादा, तिला महिन्याची पाळी येते, हे तुला माहीत आहे ना? एसटीनं कॉलेजला जाते. दिवसभर बाकावर बसते. पांढऱ्या कपड्यात तिचा जीव थाऱ्यावर राहील का? गेल्या पाडव्याला तेच दिवस होते तिचे. तू मोतिया ड्रेस आणलास आणि वर बोललास. तिनं तुला काय सांगायचं होतं?"

आम्ही तलावाकडे बघत उभे राहिलो. सौ.ना हे ठाऊक असणारच. पण आमच्या घरात हा विषय पुरुषांपुढे निघतच नाही, त्यामुळे त्याही गप्प राहिल्या. साडेतीन हजाराचा आमचा राग वर्षभर त्या पोरीने मुकाट्याने सोसला होता. आत जाऊन तिला एवढेच म्हणालो, "तुला पाहिजे तो रंग घे. दोन हजारांच्या आत बसव. बाकी आम्ही बोलत नाही." तिने आत्याकडे बघितले. आत्या दुसरीकडेच बघत होती.

ठाण्यात पसंत पडले ते दोन हजारांत बसेना. दुसऱ्या दिवशी उल्हासनगर. डोंबिवलीहून लोकलने कल्याण आणि तिथून शेअर रिक्षा. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसवले, त्याचे १९४९ साली उल्हासनगर झाले. म्हणून तिथे अजून पत्ता 'कॅम्प नंबर दोन', 'कॅम्प नंबर पाच' असाच सांगतात. उघड्या हाताने आलेल्या त्या लोकांनी इथे कापडाचा, शिलाईचा एवढा धंदा उभा केला, की दूरदूरचे दुकानदार माल भरायला येतात. पाच नंबरात जीन्स पँटींची शिलाई, दोन नंबरात गजानन मार्केटची कापडाची गर्दी. जीन्स धुण्या-रंगवण्याच्या पाण्याने वालधुनी नदीची जी दैना झाली त्यावरून तिथे बरीच कोर्टकचेरी झाली आहे. कारखान्याच्या सांडपाण्यावरून आपल्याकडे होणारे तंटे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ते वेगळे सांगायला नको.

अशा बाजारात सगळीकडे कपडा घालून बघायला जागा मिळेलच असे नाही. त्यावर बहिणीचा तोडगा सोपा होता. मुलीला अंगाला नीट बसणारा एक जुना कुर्ता तिने पिशवीत आणला होता. नवा कपडा पसंत पडला की त्यावर जुना पसरायचा. खांदा, छाती, घेर, बाही, उंची सगळे तिथेच कळते. मात्र जुना कपडा याच हंगामातला हवा. या वयात मुलगी उसासारखी वाढते. गेल्या वर्षीचे माप घेऊन गेलात तर फसाल.

कापडाची पारख आम्हाला थोडीफार आहे. इचलकरंजी आपल्या भागातली, आणि इकडे कल्याणच्या पलीकडे भिवंडीला तसेच यंत्रमाग. तेव्हा इथे मात्र आम्ही पुढे झालो आणि कोणी अडवले नाही. गडद रंगाचा कपडा असेल तर पांढरा रुमाल ओला करून आतल्या बाजूला शिवणीपाशी घासावा. रुमालाला रंग लागला तर तो पहिल्या धुण्यात दुसऱ्या कपड्यांनाही लागणार. सुती कापड पहिल्या पाण्याला आटते, म्हणून उंची नि बाही नेमकी बेतशीर घेऊ नये. आणि दुकानाच्या दिव्याखाली दिसणारा रंग खरा धरू नये. कपडा उंबऱ्याबाहेर उन्हात आणून बघावा. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्यावे.

लेकीने एक काळा कुर्ता उचलला. दिवाळीला काळा? सौ.ना फोन लावला. "काळा नको हो, सणाचा दिवस आहे," त्या म्हणाल्या. आम्ही शब्द दिला होता म्हणून गप्प बसलो. लेकीने कुर्ता उन्हात नेला, उलटसुलट केला आणि परत ठेवला. मग तिने स्वतःच वांगी रंगाचा एक काढला. गडद, पण काळा नव्हे. गळ्याला बारीक कशिदा, गुडघ्याखाली जाणारा. खाली सरळ पँट. ओढणी नाही. आम्ही ओढणीचे विचारणार होतो, तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, स्कूटीवर मागं बसलं की ओढणी चाकात जाते." हे काही खोटे नाही, असे अपघात होतात. ज्यांच्या मुली गाडीवर कॉलेजला जातात त्यांनी घरात एवढे तरी सांगून ठेवावे, की ओढणी पुढे गाठ मारून बांधायची.

लेकीला सगळ्यांत जास्त आनंद झाला तो कुर्त्याच्या बाजूला खिसा निघाला याचा. एसटीचा पास, सुटे पैसे नि मोबाइल त्यात मावतो की नाही ते तिने तीनदा करून बघितले. मुलींच्या कपड्याला खिसा का नसतो, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता. आमच्या एका शर्टाला दोन नि पँटीला चार.

किंमत झाली सोळाशे पन्नास. उरलेले साडेतीनशे आम्ही तिच्याच हातावर ठेवले. कंबरेत थोडा सैल होता, तो डोंबिवलीत बहिणीच्या नेहमीच्या शिंपीणबाईंनी संध्याकाळी बसल्या बसल्या आत घेऊन दिला.

परतीच्या एसटीत पिशवी वर ठेव म्हणालो, तर तिने ती मांडीवरच धरली. घाट उतरल्यावर आपणहून म्हणाली, "आबा, तो मोतिया ड्रेस टाकून नाही दिला मी. आत्या म्हणते, गडद रंगवून घेता येईल. बघायचं का?" आम्ही म्हटले, बघू. सोनेरी काठाचे काय होईल, ते रंगाऱ्याला आधी विचारावे लागेल.

घरी पोचलो तर आमच्या आई पडवीतच होत्या. त्यांनी ड्रेस हातात घेतला, रंगाबद्दल अक्षर बोलल्या नाहीत. चष्मा लावून तो आतून उलटा केला आणि शिवण चिमटीत धरून बघितली.

"माया सोडलीय का?"

"दीड बोट आहे, आजी."

"मग पुढच्या दिवाळीला बी येतोय," त्या म्हणाल्या आणि घडी घालायला लागल्या.