संगणकाचे द्रवशीतन : बंद संच की सुट्या भागांची यंत्रणा?

सुमारे ९०० मीटर उंचीवरील आनेकल येथे हवा समुद्रकाठच्या मानाने विरळ असते. त्यामुळे संगणकातील प्रक्रियकाची उष्णता पंखा तेथे किंचित कमीच वाहून नेतो. समान घनफळाच्या हवेपेक्षा पाणी तीन हजारांहून अधिक पट उष्णता सामावते. तथापि शेवटी ती रेडिएटरवाटे हवेतच सोडावी लागते. म्हणून दोन्ही प्रकारांत रेडिएटर पुरेसा मोठा हवा. कारखान्यात मोहोरबंद केलेल्या संचास देखभाल फारशी लागत नाही; परंतु पंप बिघडल्यास बहुधा सारा संचच बदलावा लागतो. सुटे भाग जोडून केलेल्या यंत्रणेत ग्राफिक्स कार्डही थंड ठेवता येते व बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो. मात्र गळती तपासणे व द्रव वेळोवेळी बदलणे मालकाकडे येते. तीत विंधनविहिरीचे क्षारयुक्त पाणी घालू नये. एवढी दक्षता ज्यास शक्य नाही, त्याने बंद संचच घ्यावा.