संगणक विषाणू : निर्मूलन व प्रतिबंध

संगणकात शिरून स्वतःच्या प्रती निर्माण करणाऱ्या व वापरणाऱ्याच्या नकळत कार्य करणाऱ्या आज्ञावलीस संगणक विषाणू म्हणतात. काटेकोरपणे पाहता विषाणू दुसऱ्या आज्ञावलीस किंवा तबकडीच्या प्रारंभ-विभागास चिकटतो, तर ‘वर्म’ संगणकांच्या जाळ्यातून स्वबळावर पसरतो. तथापि व्यवहारात सर्वच अपायकारक आज्ञावल्यांना विषाणू म्हणण्याची रूढी पडली आहे. घरगुती संगणकाच्या बाबतीत विषाणू ओळखण्यापेक्षा, काढून टाकलेला विषाणू पुन्हा उद्‌भवू न देणे हेच अधिक कठीण असते.

हा अनुभव जुना आहे. आयबीएम-सुसंगत वैयक्तिक संगणकांवरील पहिला विषाणू ‘ब्रेन’ हा १९८६ मध्ये लाहोर येथे बासित व अमजद फारूक अल्वी या बंधूंनी तयार केला. १९९१ मध्ये आढळलेला ‘मायकेलअँजेलो’ हा विषाणू ६ मार्च या दिवशी तबकडीवरील माहिती नष्ट करी. संसर्गित फ्लॉपी आत राहिलेली असताना संगणक सुरू केला, की तो प्रारंभ-विभागात शिरे. यंत्र स्वच्छ केले, तरी कपाटातील एखादी फ्लॉपी त्याला पुन्हा आत आणीत असे. पुण्यात संगणक दुरुस्तीचा व्यवसाय करणारे कैलास काटकर व त्यांचे बंधू संजय यांनी अशाच विषाणूंवरील आज्ञावल्यांपासून प्रारंभ केला व त्यांतून १९९५ च्या सुमारास ‘क्विक हील’ हे उत्पादन आकारास आले.

विषाणू चिवट ठरण्याची कारणे त्याच्या रचनेत असतात. संगणक चालू असताना तो स्मृतीत वावरतो. त्यामुळे त्याची फाइल पुसली, तरी स्मृतीतील भाग ती पुन्हा लिहितो. कित्येकदा दोन आज्ञावल्या परस्परांवर पहारा ठेवतात व एक बंद पडताच दुसरी तिला सुरू करते. संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञावल्यांच्या यादीत किंवा नियोजित कामांत विषाणू आपली नोंद करून ठेवतो. ‘रूटकिट’ हा प्रकार तर प्रचालन प्रणालीच्या अंतर्भागात शिरतो आणि तपासणी करणाऱ्या आज्ञावलीला खोटी उत्तरे मिळतील अशी व्यवस्था करतो. चोरालाच पंचनाम्याचे काम द्यावे, तसा हा प्रकार होय.

म्हणून निर्मूलनाचे मुख्य तत्त्व असे, की संसर्गित प्रणाली चालू नसताना तिची बाहेरून तपासणी करावी. प्रथम इंटरनेटची जोडणी तोडतात. नंतर दुसऱ्या, निर्दोष संगणकावर तयार केलेल्या ‘रेस्क्यू’ पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून तबकडी तपासतात. विंडोज प्रणालीत ‘डिफेंडर ऑफलाइन’ ही सोय याच तत्त्वावर आधारलेली आहे. एवढ्यानेही लक्षणे परतली, तर तबकडी पूर्ण पुसून प्रणाली मूळ स्वरूपात नव्याने बसविणे हाच खात्रीचा उपाय होय. त्यानंतर केवळ कागदपत्रे व छायाचित्रे तपासून परत घ्यावीत, जुन्या आज्ञावल्या घेऊ नयेत. परवलीचे शब्द निर्दोष यंत्रावरून बदलणे आवश्यक असते, कारण चोरीस गेलेला शब्द विषाणू काढल्याने परत येत नाही. खंडणी मागणाऱ्या विषाणूने कुलूपबंद केलेल्या फाइली तो काढल्यावरही तशाच राहतात. त्यांपैकी काहींच्या किल्ल्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या उपक्रमात विनामूल्य मिळतात. भारतात २०१७ पासून ‘सायबर स्वच्छता केंद्र’ निर्मूलनाची मोफत साधने पुरविते.

पुनःसंसर्गाचे मार्ग बहुधा घरातच असतात. फुकट मिळविलेली चोरटी प्रणाली व ती ‘चालू’ करून देणारी आज्ञावली हा त्यांतील सर्वांत सोयीस्कर आणि सर्वांत महाग मार्ग म्हणावा लागेल. सुधारणा मिळणे थांबलेली प्रणाली हा दुसरा होय. विंडोज १० ची नियमित सुधारणा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. पेनड्राइव्ह हा फ्लॉपीचा वारस आहे. कोल्हापुरात लघुउद्योजकाच्या घरचा संगणक, छपाईचे दुकान व उद्यमनगरातील कारखाना यांच्यात एकच पेनड्राइव्ह फिरत असेल, तर त्यातील कोणतेही एक यंत्र स्वच्छ करून भागत नाही. सर्व यंत्रे व तो पेनड्राइव्ह एकाच वेळी तपासावी लागतात. दैनंदिन वापरासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले खाते ठेवल्यास विषाणूला खोलवर शिरणे अवघड जाते.

माहितीच्या प्रती बाह्य तबकडीवर घेतल्यावर ती संगणकापासून सोडवून ठेवावी. जोडलेली राहिल्यास खंडणी-विषाणू तीही कुलूपबंद करतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोक्याची मर्यादा ओलांडून ५५ फुटांपलीकडे गेली होती. अशा पुरात घरातील संगणक व त्याशेजारची तबकडी एकदमच पाण्याखाली जातात. त्यामुळे एक प्रत घराबाहेर, नातलगांकडे किंवा दूरस्थ साठवणुकीत असणे इष्ट ठरते.