कोठी राहू द्या, कपाट हलवा

जळगाव-धुळ्यात मोठं घर सोडून दोन खोल्यांत जायचं ठरलं, की पहिली कुऱ्हाड पडते धान्याच्या कोठीवर. दुकान दाराशी असताना वर्षाचं धान्य कशाला भरायचं, असा प्रश्न येतो. कोठी म्हणजे अडगळ, हाच पहिला गैरसमज. गहू आणि दादर, म्हणजे खानदेशातली रब्बी ज्वारी, सुगीला बाजारात येतात तेव्हा आवक मोठी असते आणि भाव सहसा उतरलेले असतात. उन्हात खडखडीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून भरलेलं धान्य पावसाळ्यातल्या भाववाढीत घर सावरतं. शेतीवर किंवा रोजंदारीवर चालणाऱ्या घराला हा आधार हवाच. शिवाय कोठी उभी असते, जमीन फारशी अडवत नाही.

जागा खरी अडते ती वर्षातून एकदाही न उघडणाऱ्या कपाटानं, भेटवस्तूंच्या खोक्यांनी आणि पाहुण्यांसाठी राखलेल्या सोफ्यानं.

‘पसारा काढला की घर थंड होतं’ असंही सांगितलं जातं. यात अर्धंच तथ्य आहे. जळगाव-भुसावळच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा उष्णता मुख्यतः तापलेल्या स्लॅबमधून किंवा पत्र्यातून उतरते. रिकाम्या खोलीतही ती उतरतेच. जुन्या धाब्याच्या घरांत तुळयांवरचा मातीचा जाड थर ही धग उशिरा आत सोडायचा. पण सामान कुठे ठेवलंय, याचा कूलरवर थेट परिणाम होतो. कूलरमधलं पाणी बाष्प होताना हवेतली उष्णता शोषून घेतं आणि ओलसर गार हवा खोलीत येते. ही हवा बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीत दमटपणा साचतो, बाष्पीभवन मंदावतं आणि अंग चिकचिकतं. तरीही ‘गारवा निघून जाईल’ म्हणून कितीतरी घरांत सगळी दारं-खिडक्या लावून घेतात. समोरच्या खिडकीला लोखंडी कपाट टेकवलेलं असलं, की मग ती उघडायची सोयच उरत नाही. लहान घरात सामान कमी करायची सुरुवात याच कपाटापासून करावी.

जुने वाडे सामानानं भरलेले असत, हाही एक समज. खरं तर ते माणसांनी भरलेले असत. कोनाडे आणि फडताळं भिंतीतच, कपडे खुंटीवर किंवा वळणीवर, मडकी उतरंडीत एकावर एक. अंथरुणं सकाळी गुंडाळली की तीच खोली दिवसभर जेवणाची, निवडण-टिपणाची. कायमचा पलंग आला आणि एका खोलीचं एकच काम होऊन बसलं. जळगावातल्या चौधरी वाड्यात कवयित्री बहिणाबाईंच्या (1880-1951) वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. नव्या घराची आखणी करणाऱ्यांनी तो वाडा आवर्जून पाहावा.

मारी कोंडोचं आवराआवरीचं पुस्तक 2014 मध्ये इंग्रजीत आलं आणि कमी सामानात राहणं हे परदेशी फॅड ठरलं. पण अपरिग्रह हे जैन परंपरेतलं महाव्रत, आणि गांधीजींच्या आश्रमाच्या एकादश व्रतांत असंग्रह आहे. ती व्रतं जगणारे विनोबा 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी गीतेवर दिलेली अठरा प्रवचनं साने गुरुजींनी लिहून घेतली. मात्र स्वेच्छेनं घेतलेलं व्रत आणि नाइलाजाची टंचाई यांत गल्लत नको. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट आहे. तिथे राहणाऱ्या पाच जणांच्या कुटुंबाला ‘आणखी कमी करा’ असा उपदेश करणं क्रूरपणाचं आहे.

आणि कमी करणं म्हणजे फेकणंही नव्हे. तांब्या-पितळेची मोड वजनावर विकली जाते, जुन्या लुगड्यांची गोधडी होते, दबलेल्या गादीतला कापूस पिंजून पुन्हा भरता येतो. लग्नाची मोठी पातेली, पराती, झारे घरोघरी ठेवायची गरज नाही. अनेक गावांत समाजाची भांडी असतात, कार्यापुरती आणायची आणि घासून परत द्यायची. फ्लॅटच्या इमारतींनाही हे सहज जमेल: एक शिडी, एक ड्रिल मशीन, पाहुण्यांसाठी चार गाद्या, आणि जिन्याखाली कुलूपबंद खण.