शिकोकूच्या यात्रावहींतील सिद्धम् बीजाक्षरें

जपानांतून परतलेल्या प्रवाशांच्या संग्रहांत कधीं कधीं कापडी वेष्टनाची एक वही आढळते. तीस ‘नोक्योचो’ म्हणतात. ‘नोक्यो’ म्हणजे सूत्रार्पण. यात्रेकरूनें सूत्राची प्रत स्वहस्तें लिहून देवालयांत अर्पावी व तिची पोंच घ्यावी, हें ह्या प्रथेचें मूळ. पुढें सूत्रपठण व अल्प दक्षिणा एवढ्यावर पोंच मिळूं लागली.

शिकोकू बेटावरील ८८ देवालयांची परिक्रमा सुमारें १,२०० किलोमीटरांची असून ती आचार्य कूकाइ (इ. स. ७७४–८३५) याच्या नांवें चालते. हा इ. स. ८०४ मध्यें चीनला गेला व चांगआन् नगरांत प्रज्ञ नामक भिक्षूजवळ संस्कृत शिकला.

वहीच्या पानावर तांबडे शिक्के व त्यांवर काळ्या शाईचें कुंचल्यानें केलेलें लेखन असतें. आमचे संग्राहक त्या सर्वांची ‘चिनी लिपि’ अशी नोंद करून मोकळे होतात. ही नोंद अपुरी आहे. मधल्या शिक्क्यांत किंवा देवतानामाच्या शिरावर बहुधा एक निराळें अक्षर असतें; तें सिद्धम् लिपीचें, म्हणजे गुप्तकालीन ब्राह्मीपासून निघालेल्या, आपल्या नागरीच्या नात्यांतल्या लिपीचें होय. पहिलें देवालय र्योझेन्जि. तेथील देव शाक्यमुनि, बीज ‘भः’. शेवटचें ओकुबोजि, देव भैषज्यगुरु, बीज ‘भै’. अमिताभाचें ‘ह्रीः’, अवलोकितेश्वराचें ‘स’. उच्चार मात्र पालटले आहेत. ‘भः’ चा ‘बाकु’ व ‘ह्रीः’ चा ‘किरिकु’ झाला. विसर्गाचा ‘कु’ व्हावा हें वैयाकरणांस मौजेचें वाटेल. चिनी लिप्यंतरांत विसर्गासाठीं ककारान्त अक्षरें योजीत, त्याचा हा अवशेष आहे.

कालनिर्णय मात्र कठीण. जपानांतील इतर देवालयांच्या अशा वह्यांत तारीख घालतात. शिकोकूंत बहुधा घालीत नाहींत. पुन्हा आलेल्या यात्रेकरूस जुन्याच पानावर नवे शिक्के मारून देतात, त्यामुळें पान जितकें तांबडें तितक्या फेऱ्या अधिक. प्रस्तुत लेखकानें तेथें एका वृद्ध यात्रेकरूजवळ पाहिलेल्या वहींत तांबड्या रंगाखालीं अक्षरें जवळजवळ बुडालीं होतीं. अशा वहीचीं पानें सुटीं करून चौकटींत बसविण्याची हौस अक्षम्य होय. सुट्या पानावरून देवालय कळेल, यात्रा कोठवर पोंचली तें कळणार नाहीं.

आपल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या क्षेत्रींच राहतात. ही वही यात्रेकरूबरोबर फिरते, व त्याच्या मृत्यूनंतर ती शवपेटींत ठेवण्याचीहि चाल आहे. तेव्हां जी हातीं येईल तिच्या सूचींत प्रत्येक पानाचें बीज, शिक्क्यांची संख्या व कोरीं राहिलेलीं पानें हीं अवश्य नोंदवावीं.