पऱ्हाटीची भिंत आणि माणसाचे कातडे

आश्विन सरत आला म्हणजे यवतमाळकडच्या काळ्या रानात पऱ्हाटीची बोंडे उकलू लागतात, आणि वेचणीला आलेल्या बायकांची बोटे, वर्षानुवर्षांच्या सरावाने, बोंडाच्या वाळक्या टोकदार पाकळ्यांना न खरचटता आतला कापूस अलगद उपसून ओटीत टाकू लागतात. त्या ओटीतली एक सरकी उचलावी, तिच्या अंगावरचा एकच तंतू चिमटीत धरून ओढावा आणि उन्हासमोर धरून पाहावा. जेमतेम तीन सेंटीमीटर लांबीचा, आपल्या डोक्यावरील केसाहून बारीक असा हा तंतू अनेक पेशींनी मिळून वळलेली दोरी असावा, असे पाहणाऱ्यास वाटते. परंतु तो या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच पेशी आहे, आणि अशा दहा हजारांहून अधिक पेशी त्या एका सरकीच्या सालीवर उगवलेल्या असतात. ज्या वस्तूच्या दर्शनासाठी एरवी सूक्ष्मदर्शक लागतो, ती वस्तू विदर्भातला शेतकरी क्विंटलच्या मापाने बाजारात नेऊन विकतो.

रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६६५ साली बुचाचा पातळ काप भिंगाखाली धरला, तेव्हा त्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रिकामी घरे दिसली आणि लहान खोली या अर्थाच्या शब्दावरून त्याने त्यांना नाव दिले. गंमत अशी की, त्याने पाहिले ते जिवंत काहीच नव्हते. रहिवासी केव्हाच निघून गेले होते आणि मागे भिंती तेवढ्या उरल्या होत्या. कापसाची कथाही शेवटी तीच आहे. आपण अंगावर घालतो ते धोतर, लुगडे, सदरा हे सारे मृत पेशींच्या भिंतींचे विणकाम होय.

पण ती भिंत उभी कशी राहते, ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. पऱ्हाटीचे फूल उमलते त्या दिवशी ते पांढरट, फिकट पिवळे असते आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. नेमक्या त्या उमलण्याच्या दिवशी, फुलाच्या पोटात दडलेल्या कोवळ्या बीजांडाच्या सालीवरील काही पेशी शेजारणींपेक्षा किंचित वर फुगून येतात. पुढे दोन-तीन आठवडे त्या लांबत जातात, आणि ही वाढ नव्या पेशी निर्माण होऊन नव्हे, तर त्याच पेशीच्या आतल्या दाबाने होते. पेशीच्या मध्यभागी रिक्तिका नावाची रसाने भरलेली मोठी पिशवी असते. तिच्यात पोटॅशियम आणि शर्करा साठतात, त्यांच्या ओढीने पाणी आत शिरते, आणि पाण्याचा दाब अजून पातळ असलेल्या भिंतीला ताणीत नेतो. शेजारच्या पेशींशी देवघेव करण्याच्या ज्या सूक्ष्म वाटा वनस्पतीच्या पेशींत असतात, त्याही या काळात काही दिवस बंद होतात, म्हणजे आतला दाब बाहेर पाझरून वाया जात नाही. नंतर लांबणे थांबते, आणि पेशी आतल्या बाजूने थरावर थर चढवून भिंत जाड करू लागते. हे थर जवळजवळ शुद्ध सेल्युलोजाचे असतात. आपल्या परिभाषाकारांनी त्याला ‘तूलीर’ असे नाव दिले, ते तूल म्हणजे कापूस या शब्दावरून, आणि इतकी चपखल योजना परिभाषेच्या दप्तरात क्वचितच सापडावी. शेवटी बोंड उकलते, पेशी मरते, आतला रस वाळतो, आणि पोकळ नळी बसून तिची पीळ पडलेली फीत होते. हा पीळ पडला नसता तर एका तंतूने दुसऱ्याला धरून ठेवले नसते आणि चरख्यावर सूत निघालेच नसते.

भिंतीचा सारा चुना-विटा पानातून येतो, आणि शेतकऱ्याची चिंता तेथेच सुरू होते. पानाच्या पेशींतील हरितकण सूर्यप्रकाशात शर्करा तयार करतात. त्यासाठी लागणारी हवा पर्णरंध्रांतून आत येते, आणि ही रंध्रे पानाच्या खालच्या अंगास अधिक असतात. खालचे अंग सावलीचे आणि कोवळे. म्हणून तुडतुडे, मावा, पांढरी माशी यांची वस्तीही तेथेच. सुईसारखी सोंड पेशींच्या भिंतींमधून घुसवून हे कीटक तयार रस पितात, पान कडेने लालसर होऊन आक्रसते, आणि भिंतीचे थर चढण्याच्या ऐन दिवसांत बोंडाचा शिधा तुटतो.

बीटी वाण आल्यापासून कीड संपली, असा एक समज मध्यंतरी पसरला होता, तो येथे दूर करणे इष्ट. २००२ साली आपल्या देशात ज्या बीटी कापसाला परवानगी मिळाली, त्याच्या पेशींत मातीतल्या एका जिवाणूचे प्रथिन तयार होते. अळीच्या आतड्यात ते आतड्याच्या पेशींना चिकटून त्यांना भोके पाडते. माणसाच्या आतड्यात त्याला चिकटायला जागाच नसते, त्यामुळे ते आपल्याला बाधत नाही. पण पानाचा रस शोषणाऱ्या किडींनाही ते बाधत नाही. आणि कालांतराने गुलाबी बोंडअळीही त्याला दाद देईनाशी झाली. फूल न उमलता पाकळ्या मिटलेल्या राहून ‘डोमकळी’ दिसू लागली, बोंड फोडावे तर आत किडकी कवडी निघू लागली, आणि बी महाग घेऊनही पाठीवरचा पंप उतरला नाही.

२०१७ सालच्या पावसाळ्यात या पंपाने यवतमाळ जिल्ह्यात जे घडवले, ते अजून विस्मरणात गेलेले नाही. फवारणी करताना विषबाधा होऊन शेकडो शेतकरी आणि मजूर रुग्णालयांत दाखल झाले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले, कारणे नमूद झाली: त्या वर्षी पऱ्हाटी दाट आणि डोक्याशी लागेल अशी वाढली होती, दोन-तीन विषे एकत्र मिसळली जात होती, यंत्रावर चालणारे जोराचे पंप आले होते, मजुरांच्या अंगावर संरक्षणाचे काही नव्हते. या यादीतील शेवटचे कलम सर्वांच्या सोयीचे ठरले. मजुराने तोंडाला फडके बांधले नाही म्हणून तो मेला, असे म्हटले म्हणजे बाकीच्यांची जबाबदारी आपोआप हलकी होते.

वास्तविक या दुर्घटनेचा उलगडा पानाच्या रचनेतच बराचसा होतो. कीड पानाखाली, म्हणून फवाऱ्याची नळी खालून वर धरावी लागते. पऱ्हाटी कमरेइतकी असते तोवर हे ठीक. ती छातीच्या वर गेली की, वर उडवलेले तुषार माणसाच्याच तोंडावर, मानेवर, खांद्यावर उतरतात, आणि दोन ओळींमधून तो जसजसा पुढे सरकतो तसतशी ओली पाने त्याचे दोन्ही दंड पुसून घेतात. शिवाय पानावर मेणाचा थर असतो, त्यावर नुसते पाणी ठरत नाही. मग विष तैलद्रावणात विरघळवून, पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे होईल अशा रूपात विकले जाते, जेणेकरून ते मेणाला चिकटावे आणि त्यातून आत मुरावे. आता आपल्या त्वचेचा वरचा थर पाहा: मृत पेशींच्या चपट्या विटा आणि त्यांच्या सांध्यांत स्निग्ध पदार्थ. जे द्रव्य मेणातून वाट काढण्यासाठी सिद्ध केले आहे, त्याला या स्निग्ध सांध्यांतून शिरणे कठीण नाही, आणि घामाने भिजलेल्या, उन्हाने तापलेल्या अंगात तर ते अधिकच सुलभ होते. त्यातही सगळे अंग सारखे नसते. हाताच्या दंडापेक्षा कपाळाची त्वचा अधिक शोषून घेते, आणि जांघेतली त्वचा त्याहून कितीतरी पटींनी अधिक. गळका पंप पाठीवर घेणाऱ्याची ओल नेमकी तिकडेच उतरत जाते, आणि तोंडावरच्या फडक्याचा येथे काहीएक उपयोग नसतो.

आत शिरलेले विष, विशेषतः सेंद्रिय फॉस्फरसवर्गातले, मज्जातंतूंच्या सांध्यावर काम करणारे एक विकर निकामी करते. तंतूकडून स्नायूला निरोप गेला की तो पुसून टाकणे हे त्या विकराचे काम. ते थांबले की निरोप पुसला जात नाही, स्नायू फडफडत राहतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ, घाम, अश्रू अनावर वाहतात, आणि छातीत कफ दाटून श्वास कोंडतो. किडीच्या आणि माणसाच्या देहात हे विकर जवळजवळ सारखेच. पऱ्हाटीला मज्जासंस्था नाही, म्हणून तिला काही होत नाही. तिची नाजूक जागा निराळी आहे: तणनाशक मारलेला पंप नीट न धुता कापसावर वापरला, आणि त्यात २,४-डी चा लवलेश उरला असला, तरी पाने बोटांसारखी चिरून वेडीवाकडी होतात. ज्याच्या त्याच्या पेशीचे दुखणे वेगळे.

विष जवळ बाळगण्याची विद्या मात्र वनस्पतींकडून शिकावी. धोतरा, तंबाखू, बेलाडोना ही एकाच कुळातली मंडळी अंगात विषारी द्रव्ये तयार करतात आणि ती पेशीतल्या रिक्तिकेत कोंडून ठेवतात. तेथील आम्ल रसात त्या द्रव्यावर विद्युत्भार चढतो आणि मग त्याला पटल ओलांडून माघारी येता येत नाही, म्हणजे विष घरात असूनही घरातल्या कारभाराला त्याचा स्पर्श नसतो. आमच्याकडे फवारणीच्या विषाची बाटली ज्वारीच्या कणगीमागे किंवा देवळीत तेलाच्या शेजारी असते. बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील दुपारच्या जेवणातून २३ मुले दगावली, तेथे स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे फॉस्फरसवर्गातलेच कीटकनाशक आढळले होते. विषाचा रिकामा डबा धुऊन घरात वापरणाऱ्या प्रत्येक गृहिणीला ही हकीकत कोणीतरी सांगायला हवी. आणखी एक विलक्षण योगायोग असा की, या विषबाधेवर रुग्णालयात प्रथम टोचतात ते अ‍ॅट्रोपिन धोतऱ्याच्याच कुळात सापडणारे द्रव्य आहे. म्हणून कोणी घरी धोतऱ्याचा काढा पाजण्याचा उपद्व्याप मात्र करू नये, मोजून द्यावयाची ती मात्रा डॉक्टरच जाणे. घरच्यांनी करायचे ते एवढेच: माणसाला शिवारातून मोकळ्या हवेत आणावे, अंगावरचे कपडे तत्काळ उतरवावेत, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवावे, ओकारी काढण्याच्या भानगडीत पडू नये, आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठावा, कारण कोणते विष ते कळल्यावाचून डॉक्टरही चाचपडतो.

बाटलीवर काय असावे, याबद्दल कायद्यात कसर नाही. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांनुसार प्रत्येक बाटलीवर एका कोनावर उभा केलेला चौकोन असतो आणि त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो: लाल म्हणजे अतितीव्र विष, पिवळा त्याच्या खालचा, निळा त्याहून सौम्य, हिरवा सर्वांत कमी. पण रंगाची भाषा दुकानात कोणी समजावीत नाही, आणि रानात तर या द्रव्याचे नावच मुळी ‘औषध’ आहे. औषध मारायचे, औषध आणायचे, औषध उरले ते ठेवायचे. ज्याला आपण औषध म्हणतो त्याच्यापासून दूर राहण्याची सावधगिरी मनाला सुचणार कशी?

गेल्या भाद्रपदात एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर मी तंतू पाहण्यासाठी खिशात भिंग घेऊन गेलो होतो. सालदार प्लास्टिकच्या ड्रमात औषध कालवत होता, हातात काठी होती हे त्यातल्या त्यात बरे, परंतु काठीचा निम्मा भाग आणि मनगट दोन्ही पांढरे झालेले. हातमोज्यांचे विचारले तेव्हा तो म्हणाला, “हातमोजे घातले का झाकनच उघडत नाही जी. अन् गरमी किती होते!” हे खोटे नव्हते, थंड हवेच्या मुलखासाठी बेतलेला तो अंगभर झगा आपल्याकडच्या दमट दुपारी घालून पाहावा आणि मग ताकीद द्यावी. पहाटे किंवा उतरत्या उन्हात, वारा पाठीशी घेऊन, अंगभर सुती कपडे आणि हातात रबरी मोजे घालून फवारावे, तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नये, इतके तरी पाळता येण्यासारखे आहे, असे मी म्हटले. त्याने मान डोलावली आणि बाटलीसोबतची घडी माझ्यापुढे केली: “यात काय लिवलं हाये ते तं वाचा.”

मराठी मजकूर होता, पण इतक्या बारीक टायपात की चष्म्याने भागेना. तेव्हा कापसाच्या पेशीसाठी आणलेले भिंग काढले आणि बांधावर बसून एकेक ओळ मोठ्याने वाचू लागलो. मालक येऊन बसला, त्याची सून पाण्याची कळशी घेऊन उभी राहिली. “ढवळताना हात बुडवू नये” या ओळीशी सालदाराने मनगट धोतराला पुसले, मग काहीतरी आठवून उठला आणि सुनेच्या कळशीतल्या पाण्याने धुऊन आला. शेवटच्या परिच्छेदापर्यंत पोहोचायला अर्धा तास लागला असावा. तोवर वारा फिरला होता, आणि त्या दिवशीची फवारणी राहिली.