रिपोर्ट पुन्हा खराब आला, तर?



गर्भाशयाच्या मुखाची तपासणी केली, पेशी बदललेल्या निघाल्या, उपचार झाले आणि वर्षभराने पुन्हा तोच रिपोर्ट. अशा वेळी मन खचते. बाई घरात कोणाला सांगत नाही, पुढच्या तारखेलाही जात नाही. खरा धोका या न जाण्यात आहे.

पेशी बदलल्या म्हणजे कॅन्सर झाला असे नव्हे. हा बदल बहुधा एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून येतो आणि बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधीतरी होऊन जातो. बहुतेकींचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला हटवते. काहींच्या अंगात तो टिकून राहतो. उपचाराने बिघडलेला भाग निघाला तरी विषाणू मागे राहू शकतो, किंवा कडेला थोड्या पेशी उरतात. म्हणून बदल पुन्हा दिसतो. त्याचा कॅन्सर झालाच, तर सहसा अनेक वर्षे लागतात. तेवढा वेळ आपल्या हाती असतो.

हा विषाणू वर्षानुवर्षे लपून राहतो. त्यामुळे रिपोर्टवरून नवऱ्याने बायकोवर किंवा बायकोने नवऱ्यावर संशय घेऊ नये. बाण लागलेल्या माणसाचा तथागतांनी दिलेला दृष्टांत आपल्याला माहीत आहे. बाण कोणी मारला याची चौकशी करत बसलो, तर जीव जाईल. आधी बाण काढायचा.

उपचार कोणते? आधी कोल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून तपासणी होते आणि गरज वाटल्यास छोटा तुकडा तपासायला घेतात. अहवालात 'सीआयएन १' असेल, तर बहुधा औषध-शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवतात, कारण हा बदल अनेकदा आपोआप जातो. 'सीआयएन २' किंवा '३' असेल, तर सहसा उपचार करतात. उष्णतेने किंवा अतिथंड वायूने त्या पेशी नष्ट करतात, किंवा विजेच्या बारीक तारेने तेवढा भाग काढतात. याला 'लीप' म्हणतात. जागा बधिर करून हे होते आणि बहुधा त्याच दिवशी घरी जाता येते. बदल आतपर्यंत गेला असेल, तर शंकूच्या आकाराचा भाग शस्त्रक्रियेने काढतात. पुन्हा त्रास झाल्यास हेच उपचार पुन्हा करता येतात. मात्र त्यानंतर दिवस राहिल्यास बाळंतपण वेळेआधी होण्याची शक्यता थोडी वाढते. मूल हवे असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

'पिशवीच काढून टाका' असे कोणी लगेच म्हटले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ साली गाजले होते, ते विसरू नका. वारंवार बदल झाल्यास काहींना ही शस्त्रक्रिया खरोखर लागते. पण ती पहिला उपाय नव्हे, आणि तिच्यानंतरही तपासणी सुटत नाही.

उपचारानंतर साधारण सहा महिन्यांनी तपासणी, मग काही वर्षे दरवर्षी, आणि पुढेही डॉक्टर सांगतील त्या अंतराने. याचा उपयोग किती, ते आपल्याच मराठवाड्याने दाखवले आहे. धाराशिव (तेव्हाचे उस्मानाबाद) जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही तपासणी आणि गरजेप्रमाणे उपचार मिळालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले होते.

तंबाखू आणि मिश्री सोडा. तंबाखूमुळे शरीराची विषाणूशी लढण्याची ताकद कमी होते. एचआयव्ही असलेल्या भगिनींनी तपासणी अधिक वेळा करावी. मुलींना ९ ते १४ या वयात लस द्यावी. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसले, घाण वासाचे पाणी गेले, तर तारखेची वाट पाहू नका.

३० वर्षांवरील स्त्रियांची तपासणी शासकीय आरोग्य केंद्रात विनामूल्य करण्याची शासनाची योजना आहे, आशाताईंना विचारा. कॅन्सर निघालाच, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मिळतात.

सगळे जुने रिपोर्ट एका पिशवीत ठेवा. पुढची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. एकटीला धीर होत नसेल, तर विहारातल्या महिला मंडळातून एक मैत्रीण सोबत न्या. कदाचित तिचीही तपासणी त्याच दिवशी होईल.