दुबईची मोटार आणि बारदेशचे मीठ

मुलांनो, आमची शाळा पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवर आहे. एके दिवशी चौथीतला एक मुलगा हिरमुसला होऊन शाळेत आला. खरं तर त्याने उड्या मारायला हव्या होत्या. दुबईच्या मामाने त्याला रिमोटवर चालणारी मोटार पाठवली होती. पण पोस्टमनकाकांनी खोके देण्याआधी पैसे मागितले. आजीने अंडी विकून साठवलेल्या पैशांतून ते भरले.

"गुरुजी, मामाने दुकानात पैसे दिले होते ना? मग हे पुन्हा कसले?"

हे होते सीमाशुल्क, म्हणजेच कस्टम ड्यूटी. परदेशातून टपालाने येणारे सामान विदेश डाकघरात उतरते. तिथे कस्टमचे अधिकारी किंमत पाहून कर ठरवतात. गंमत अशी, की हा कर नुसत्या वस्तूवर नसतो. समजा, मोटार ८०० रुपयांची आणि वाहतूक व विमा २०० रुपयांचा. मग हिशेब १००० रुपयांवर. कर २० टक्के धरला, तर झाले २०० रुपये. त्यावर अधिभार आणि जीएसटी वेगळा. भेटवस्तू असली तरी सुटका नाही बरं का! २०१९ च्या डिसेंबरात सरकारने भेटवस्तूंची करमाफी काढून घेतली. सूट राहिली ती जीव वाचवणाऱ्या औषधांना आणि राखीला. हो, राखीला!

पण असा कर लावायचाच कशाला? याचे उत्तर सांगायला मी मुलांना साडेतीनशे वर्षे मागे नेले.

आपल्या महाडला तेव्हा सावित्रीच्या खाडीतून गलबते येत. कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवर लादून घाटावर जाई. घाटावर मीठ पिकत नाही, त्यामुळे मिठाचा व्यापार फार मोठा. आता दक्षिणेला कुडाळकडे चला. त्याच्या पलीकडे गोव्यातला बारदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तिथले मीठ स्वस्त पडू लागले, तसे व्यापारी तिकडे वळले. स्वराज्यातल्या संगमेश्वरकडचे मीठ पडून राहण्याची वेळ आली.

१६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभेदाराला, नरहरी आनंदराव यांना, पत्र पाठवले. त्याचा मतितार्थ असा : बारदेशच्या मिठावर इतकी जकात बसवा, की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल. नाहीतर आपल्या बंदरांचा व्यापार बसेल. म्हणजे ही जकात नुसती खजिना भरण्यासाठी नव्हती. आपल्या मिठागरातल्या माणसाची चूल पेटती राहावी, म्हणूनही होती.

एवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण गुरुजी, मीठ घेणाऱ्याला तर महागच पडलं!"

शाब्बास! कर परदेशी मालावर बसतो, पण पैसे जातात आपल्याच गिऱ्हाइकाच्या खिशातून. म्हणून कर कशासाठी आणि कोणाच्या भल्यासाठी, हे विचारायलाच हवे. इंग्रजांनीही मिठावर कर लावला. पण तो आपल्याच समुद्राच्या, आपल्याच लोकांनी पिकवलेल्या मिठावर! म्हणून १९३० साली गांधीजी दांडीला चालत गेले आणि आपल्या कोकणात शिरोड्याला लोकांनी मिठाचा सत्याग्रह केला. मीठ तेच, करही मिठावरच. पण एक आपला धंदा राखणारा, दुसरा गरिबाच्या भाकरीवर बसलेला.

आता पुन्हा मोटारीकडे येऊ. आपल्या देशातल्या खेळणी बनवणाऱ्यांना आधार मिळावा म्हणून सरकारने परदेशी खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केले. २०२३ मध्ये ते ७० टक्के झाले. सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्ही पाहिली असतील. त्या कारागिराला याचा उपयोग होऊ शकतो. पण अंडी विकणाऱ्या आजीला झळ बसली, हेही खरेच.

दुसऱ्या दिवशी तो मुलगा मोटार घेऊन शाळेत आला. सगळ्यांनी ती आळीपाळीने चालवली. जाताना तो म्हणाला, "गुरुजी, मामाला सांगितलंय, पुढच्या वेळी काही पाठवण्याआधी कर किती लागेल ते विचार. आणि आजीचे पैसे पण पाठव!"

तुम्ही कर ठरवणारे असता, तर मिठावर किती लावला असता आणि मोटारीवर किती? घरी विचारा, वाद घाला, आणि कारणासह वहीत लिहून काढा.